परत घेतलेला निबंध

रझियाचे सगळे शोधनिबंध मी ऐकले आहेत. वाचलेला मात्र एकही नाही. ते इंग्रजीत असत, त्यांत मेंदूतल्या पेशींची लांबलचक नावं असत, आणि मी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारी बाई. पण निबंध लिहून झाला, की तो कुठल्या नियतकालिकाकडे पाठवण्याआधी रझियाचा पुण्याहून फोन यायचा. बहुधा रविवारी सकाळी. "मंगला, बसली का वं? चहा घेऊन बस. आयक." आणि मग तो अख्खा निबंध ती मला आमच्या वऱ्हाडीत सांगायची. मी मधे मधे "हाव" म्हणायचं, समजलं नाही तर थांबवायचं, एवढंच माझं काम. मी फार वेळा थांबवलं, की ती खट्टू व्हायची, पण माझ्यावर नाही, स्वतःवर. म्हणायची, "वऱ्हाडीत सांगता येत नाही ना, तं समज मलेच ते समजलं नाही. इंग्रजीत काय, कायबी झाकून जाते."

रझिया मेंदूच्या सुजेवर काम करायची. विषाणूचा ताप मेंदूपर्यंत गेला, की काही मुलं वाचतात, काही जात नाहीत पण पहिल्यासारखी राहत नाहीत, आणि काही जातात. असं का होतं, हा तिचा विषय. पहिल्यांदा तिनं तो मला सांगितला तेव्हा म्हणाली, "मेंदू म्हंजे घर समज. वायरस म्हंजे चोर. चोर घरात घुसला, लाइन गेली, घरातले लोकं उठले अन् अंधारात काठ्या घुमवाले लागले. आता चोराले किती लागल्या अन् घरच्याले किती लागल्या, ते मोजनं माहं काम." मी बऱ्याच पुस्तकांतल्या बऱ्याच उपमा शिकवल्या, पण इतकी कामाची उपमा मला क्वचित भेटली.

आम्ही दोघी डोणगावच्या. तिच्या वडिलांचं, बाबूभाईंचं, बाजाराच्या टोकाला गाद्या-रजयांचं दुकान होतं. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र. दहावीनंतर आम्ही एकाच बसनं मेहकरला कॉलेजला जायला लागलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या केसांत कापसाचे बारीक पुंजके अडकलेले होते. मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. मला तिच्यासाठी अवघडल्यासारखं झालं. तिनं शांतपणे एक पुंजका काढला, खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरला, दोन बोटांनी हळूच ताणला आणि मला दाखवत म्हणाली, "धागा पाय किती लांब हाय." हसणाऱ्या पोरींकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. तो अपमान गिळण्याचा प्रकार नव्हता. तिला त्या क्षणी खरोखरच धागा जास्त महत्त्वाचा वाटला होता.

तिच्या बोलण्यात दुकानातले शब्द शेवटपर्यंत राहिले. एखादी गोष्ट घाईनं पटवून घ्यायला ती तयार नसे. "थांब वं, पिंजून पाहू," म्हणायची. सहकाऱ्यांनी आनंदानं एखादा निकाल आणून दाखवला, की तिचं पहिलं वाक्य तेच असायचं. पुण्यात विषाणूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती लागली तेव्हा लोकांना तिच्या विषयापेक्षा तिच्या भाषेचीच गंमत जास्त. आमच्याकडे बाया 'मी येतो', 'मी करतो' असंच म्हणतात. रझिया मिटिंगमधून उठताना "चला, मी येतो" म्हणाली, की तिकडे माना वळायच्या. एका ज्येष्ठ बाईंनी तिला प्रेमानं सांगितलं, की मराठी जरा सुधारून घे. रझियानं तितक्याच प्रेमानं सांगितलं, "मॅडम, उंदरायले समजते माही मराठी." तिच्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांशी ती दिवसभर वऱ्हाडीतच बोलायची.

लग्न तिनं केलं नाही. त्याबद्दल गावात बरंच बोललं गेलं आणि मग लोक कंटाळले. बाबूभाई कधी बोलले नाहीत. दुकानात कुणी विचारलं, की म्हणायचे, "वो दिमाग का काम करती है. टाइम लगता है उसमें."

आमच्या भागात बीटी कापसाचं, बोंडअळी लागत नाही म्हणवणारं बियाणं येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. सुरुवातीला सगळ्यांचीच समजूत झाली, की आता फवारणी सुटली. बोंडअळीपुरती ती काही दिवस सुटलीही असेल, पण मावा होता, तुडतुडे होते, आणि पाठीवरचा पंप काही उतरला नाही. खर्च वाढला, पाऊस लहरी, भाव पडलेला. घराघरांत एक ताण होता. त्याच हंगामात आमच्या तालुक्यातल्या काही गावांत मुलं आजारी पडायला लागली. ताप, उलट्या, मग झटके, मग बेशुद्धी. काही मुलं दवाखान्यात पोचेपर्यंतच गेली. मेंदूज्वर आहे, असं डॉक्टर म्हणाले. गावातले लोक म्हणाले, नव्या कापसानं झालं.

रझिया तिच्या संस्थेतर्फे आली. माझ्याकडेच उतरली. मला दिवाळीची सुट्टी होती, तेव्हा तिच्याबरोबर गावोगाव मीही जीपमधून फिरले. घराघरांत बायांशी बोलायला मी बरी पडेन, असं तिचं म्हणणं. खरं तर बोलणं तीच करायची. मी शेजारी बसायचे. मेहकरला एका पुढाऱ्यानं तिला चहाला बोलावलं. खोली कार्यकर्त्यांनी भरलेली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आपल्या मातीतल्या. एवढं फक्त सांगा, की हे या बीटीनंच झालं." तिथं बियाण्याचा एक मोठा दुकानदारही बसला होता. तो घाईनं म्हणाला, "मॅडम, त्याचा काही संबंध नाही, एवढं तरी सांगा."

रझियानं कप खाली ठेवला. "मले मालूम नाही," ती म्हणाली.

"पण तुमचा अंदाज?"

"अंदाज साऱ्या गावाजवळ हाय. त्याच्यासाठी मी पुण्याहून कायले येतो?"

दोघेही नाराज झाले. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, अगं, जरा गोड बोलायचं. ती म्हणाली, "गोडच बोलली ना मी. मालूम नाही म्हनलं. खोटं बोलली असती तं मंग तिखट लागलं असतं, नंतर."

पुढं तिच्या तपासणीत बहुतेक मुलांमध्ये विषाणू सापडला. कापसाचा प्रश्न तिच्यापुरता मिटला. पण त्या मुलांमध्ये एक मुलगी होती, जिच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात विषाणूचा मागमूस नव्हता, आणि सुजेच्या खुणा मात्र सगळ्यांत जास्त होत्या. गावाचं नाव मी सांगणार नाही. आईबापांची नावं बदलून लिहिते. आईला सुमन म्हणू, बापाला रामदास. मुलीला नाव देत नाही. तिचं खरं नाव फार गोड होतं, त्याच्या जागी दुसरं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही.

त्या मुलीभोवती रझियाचा मोठा निबंध उभा राहिला. तो ऐकवतानाचा तिचा आवाज मला आठवतो. इतकी वर्षं फोनवर मी तिला इतकी आनंदात कधी ऐकली नव्हती. "मंगला, चोर पळून गेला समज. दार उघडं, चोर कधीचाच शिवारात. अन् घरातले लोकं अजून काठ्या मारूनच राह्यले, एकमेकाले. त्या पोट्टीच्या मेंदूत तेच झालं. वायरस गेलता, पन भांडन थांबलं नाही." त्यातून पुढची गोष्ट अशी निघत होती, की विषाणूवर औषध नसलं तरी भांडण थांबवणारं औषध देऊन अशी मुलं वाचवता येतील. मी त्या दिवशी तिला एकदाही थांबवलं नाही. सगळं समजलं.

निबंध परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात आला. तिला बाहेरदेशी बोलावणी आली. डोणगावात शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. बाबूभाईंनी शाल स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहिली आणि कापूस किती मिसळलाय, ते सांगितलं. एका वार्ताहरानं तिला विचारलं, "लहानपणी घरात कुणी मेंदूज्वरानं गेलं होतं का?" त्याला कथा हवी होती. रझिया म्हणाली, "नाही बाबा. मले हे काम आवडते म्हनून करतो." त्यानं ते छापलं नाही.

सत्कार झाला, हार निघाले, आणि तिनं मला म्हटलं, "आता घरोघर जाव लागन. ज्याइचे पोट्टे होते त्याइले सांगाले."

मी म्हटलं, काय सांगणार? त्यांची मुलं तर गेली.

"म्हनून काय? साऱ्या दुनियेले सांगतलं. त्याइच्या पोरायचं हाय ते. त्याइलेच मालूम नसावं का?"

आम्ही पुन्हा निघालो. प्रत्येक घरी तेच चोराचं घर, त्याच काठ्या. काही बाया ऐकून रडल्या. एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता दुसऱ्याचं पोरगं वाचन का?" रझिया म्हणाली, "वाचाले पायजे." ते म्हणाले, बरं.

सुमनच्या घरी आम्ही दुपारच्या आत पोचलो. रामदास वावरात होता. सुमन लहानखुरी, फार बोलणारी नव्हे. तिनं चटई टाकली, चहा ठेवला, आणि दाराच्या चौकटीला टेकून रझियाचं बोलणं ऐकत राहिली. रझियाचं झाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे कोनाची चूक नव्हती?"

"नाही माय. कोनाचीच नाही."

सुमन आत गेली. चहा उतू जाऊन चुलीवर चरचरला, तरी ती काही बाहेर येईना. मी उठणार, तेवढ्यात ती आली आणि या खेपेला चौकटीशी न थांबता आमच्या समोर बसली. रझियाकडं न पाहता म्हणाली, "बाई, तिले ताप नव्हता."

रझिया पुढं सरकून बसली.

"त्या दिवसात साऱ्या गावात पोरायले ताप होता. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, ताप होता का, तं मी हाव म्हनलं. पन ताप नव्हता." मग हळूहळू तिनं सांगितलं. फवारणीच्या औषधाची रिकामी प्लास्टिकची कॅन घरात होती. चांगली जाड, झाकणाची. तिनं ती राखेनं घासली, साबणानं घासली, वास जाईपर्यंत उन्हात ठेवली. वेचणीच्या वेळी त्याच कॅनमध्ये वावरात पाणी नेलं. मुलगी बरोबर होती. ऊन होतं. ती त्यातलं पाणी प्यायली. मोठ्यांनी बहुतेक विहिरीवरचं पाणी घेतलं होतं. मग वावरातच तिला झटके आले. "म्या दोनदा घासली होती," सुमन म्हणाली. "वास नव्हता."

नुसत्या धुतलेल्या कॅनमध्ये किती औषध राहतं, बुडाशी राहिलं होतं का झाकणाच्या आट्यांत, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. रझियानं एकच विचारलं, पाणी प्याल्यावर किती वेळानं. सुमन म्हणाली, "लगेच. पाटी भराच्या आत." रझियानं सुमनचा हात धरून ठेवला. मला वाटलं ती काहीतरी धीराचं बोलेल. पण तिच्याजवळ धीराचं खरं असं काही त्या वेळी नसावं, आणि खोटं ती बोलायची नाही.

निघताना सुमन दारापर्यंत आली. "ह्याइले सांगू नका. त्याइले वाटते वायरसनं गेली. तुमी लिवलं बी तसंच. मंग राहू द्या ना."

परतताना मेहकरच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा रझिया म्हणाली, "काही औषधायनं नुसते झटकेच येतात, मंगला. अन् झटके लई वेळ चालले ना, तं मेंदूत सूज येते. चोर नव्हताच. मी चोराच्या मागं जाऊन राह्यली होती, अन् घरात चोर आलाच नव्हता."

पुढचं वर्ष तिच्यासाठी कठीण गेलं. ती सगळं पुन्हा पिंजत बसली. त्या मुलीला बाजूला काढलं, की बाकीच्या मुलांमध्ये विषाणू होता, सूजही होती, पण चोर गेल्यावरही भांडण चालू राहतं हे सिद्ध करणारं काहीच उरत नव्हतं. तिच्या विभागप्रमुखांनी सुचवलं, एक छोटी दुरुस्ती छापू, एका रुग्णाची माहिती अपुरी होती म्हणू, निबंध राहू दे. रझिया म्हणाली, "सर, सारी गादी त्या एकाच टाक्यावर उभी हाय." त्यांनी विचारलं, ही नवी माहिती कुणी दिली, कशी आली? ती सांगेना. घर सांगितलं असतं तर गाव कळलं असतं, गाव कळलं तर सुमन कळली असती. तिनं निबंध परत घेतला. परत घेताना छापायचं निवेदनही तिनं मला फोनवर ऐकवलं. "आमी ज्या रुग्णावर सगळ्यात जास्त भरोसा ठेवला, तिची माहिती नीट घेतली नाही. ही चूक माही हाय. बरोबरच्या कोनाची नाही. म्हनून हा निबंध आमी परत घेऊन राह्यलो." मग विचारलं, "समजलं?"

मी म्हटलं, समजलं, पण कुणाला पटणार नाही.

पटलंच नाही. परत घेतलेला निबंध म्हटला, की लोक एकच धरतात, आकडे बनवले असतील. कारण सांगत नाही म्हणजे काहीतरी झाकतेय. परदेशातली बोलावणी थांबली. मुलांवरच्या मोठ्या अभ्यासाचं काम तिच्याच कल्पनेवर उभं होतं, ते दुसरीकडं गेलं. बढती राहिली, ती राहिलीच. तिच्या हाताखाली संशोधन करणारी एक हुशार मुलगी दुसऱ्या प्रयोगशाळेत निघून गेली. मला फार राग यायचा. सुमनचा नाही, त्या सगळ्या शिकलेल्या लोकांचा. रझिया मला म्हणायची, "तू त्याइच्यावर काऊन चिडतं? त्याइले मालूम नाही ना. मले मालूम नसतं तं मी बी असंच म्हनलं असतं."

डोणगावातही बातमी पोचली, अर्धीमुर्धी. बाबूभाई तेव्हा थकले होते, यंत्र बंद होतं, पण दुकानात बसायचे. रझिया आली तेव्हा त्यांनी माझ्यासमोर विचारलं, "पेपर वापस लिया बोलते हैं. मतलब? फेल हो गई क्या?"

"एक सब्जेक्ट में, अब्बा."

ते विचार करून म्हणाले, "फिर बैठना पडेगा." ती म्हणाली, "हाव, बसतो."

आणि ती खरंच बसली. दरवर्षी फवारणीच्या दिवसांत ती रजा काढून यायची. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत जायची, लहान दवाखान्यांत जायची, आशाताईंना गोळा करायची. सांगायचं तिचं थोडंच होतं. झटक्याचं मूल आलं, की मेंदूज्वर लिहायच्या आधी विचारा. वावरात काय फवारलं? पाणी कशात ठेवता? ताप होता, तो कुणी पाहिला, हात लावून पाहिला का? "अन् असं इचारू नका, ताप होता ना?" ती सांगायची. "असं इचारलं तं माय हाव म्हनते. इचारा, काय काय झालं. मंग गप बसा." काही डॉक्टर कंटाळायचे. एकजण माझ्या देखत म्हणाला, मॅडमचं मोठं काम संपलं म्हणून आता हे सुरू झालं. रझियानं ते ऐकलं असणार. तिचा आवाज जरासा खाली गेला, पण तिनं पुढचा मुद्दा सोडला नाही.

काही वर्षांनी तिनं त्यावर एक निबंध लिहायला घेतला. मुलांमधला मेंदूज्वर आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा यांत गल्लत कशी होते, ती कशी ओळखावी. लहानसा, साधा. पण तो उभा राहायला त्या पहिल्या मुलीची हकिकत हवी होती. नाव नाही, गाव नाही, नुसती हकिकत. रझिया म्हणाली, "सुमनले इचारल्याशिवाय नाही."

आम्ही गेलो तेव्हा रामदास घरी होता. पायाला काही लागलं होतं म्हणून ओट्यावर बसला होता. मला वाटलं आज काही बोलणं होणार नाही. आम्ही दोघी सुमनच्या मागं आत गेलो आणि रझियानं हळू आवाजात सगळं सांगितलं. नको म्हणालीस तर नको, हेही सांगितलं. सुमननं दारातून ओट्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्याइले बी इचारा."

"तू तं नाही म्हनली होती."

"आता मीच सांगतो." ती बाहेर आली. आम्ही मागोमाग. ती नवऱ्यासमोर उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आपली पोट्टी वायरसनं नाही गेली. कॅनीतलं पानी पेली होती."

रामदासनं मान वर केली नाही. पायाच्या पट्टीची गाठ तो सोडत होता, बांधत होता. मग म्हणाला, "मले मालूम हाय."

"कवापासून?" सुमननं विचारलं.

"वावरातून तिले उचललं, तवाच मालूम झालं. तोंडाले वास होता." तो पुढं म्हणाला, "कॅन म्याच आनली होती घरी. फेकून द्याले पायजे होती. चांगली हाय म्हनून आनली. तू सोताले बोल लावशीन, म्हनून नाही बोललो. मंग ह्या बाई आल्या, वायरस म्हनल्या. म्हनलं, बरं झालं, तुले तरी सुटका."

इतकी वर्षं दोघांनी एकमेकांसाठी ते विषाणूचं कारण सांभाळलं होतं. सुमन तिथंच ओट्याच्या पायरीवर बसली, नवऱ्याच्या पायाशी, आणि तिनं त्याच्या हातातली पट्टी घेऊन ती नीट बांधली. कुणी रडलं नाही. रझिया रस्त्याकडं तोंड करून उभी होती.

आम्ही निघालो तेव्हा रामदासनं हाक मारली. "बाई, लिवा. कॅनीचं लिवा. घासली तरी नाही चालत, असं लिवा."

तो निबंध भारतातल्याच एका साध्या नियतकालिकात आला. मोठ्या लोकांनी तो वाचला असेल, असं मला वाटत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरनं मात्र त्यातला तक्ता मराठीत करून भिंतीला लावला, आणि कॅनला भोक पाडून टाका, असं आशाताई घरोघर सांगू लागल्या. रझियाला त्यातलं भोक पाडण्याचं फार आवडलं. "हे माह्या डोक्यात नव्हतं आलं," ती म्हणाली, "भोक पाडलं की घासाचा सवालच नाही."

तीन हिवाळ्यांमागं ती आजारी पडली. मूत्रपिंडाचा आजार होता, बराच आधीपासून असावा. मी पुण्याला गेले तेव्हा ती खूप वाळलेली होती, पण डोकं लख्ख. मी धीर करून विचारलं, त्या मोठ्या निबंधाचं कधी वाईट वाटतं का गं? तिनं खोटा मोठेपणा केला नाही. "वाटते ना," ती म्हणाली. "लई सुंदर होता तो. खरा असता तं किती बरं झालं असतं, मंगला. पोट्टे वाचले असते." आणि जरा वेळानं, "कदाचित खरा असनही. पन म्या दाखवलं नाही. आता दुसरं कोनी दाखवन."

ती गेल्यावर तिला डोणगावला आणलं. बाबूभाई तोवर गेले होते. तिच्या अम्मी होत्या. पुरुष जनाजा घेऊन कब्रस्तानाकडं गेले आणि आम्ही बाया घरात बसून राहिलो. पुण्याहून आलेल्या तिच्या सहकारी बाया होत्या, शेजारच्या होत्या, नात्यातल्या होत्या. पूर्वी निघून गेलेली ती हुशार मुलगीही आली होती. मागाहून एक बाई दाराशी येऊन उभी राहिली, बसनं आलेली, चपला हातात धरून. सुमन होती. आत कसं यावं, कुठं बसावं, तिला समजेना. मी उठेपर्यंत अम्मींनीच तिला पाहिलं आणि विचारलं, "रझिया की कौन लगती है बेटा?"

सुमननं थोडा विचार केला. "नातं नाही काही," ती म्हणाली. "माह्या पोरीले काय झालतं, ते त्याइले मालूम होतं. पयले त्याइले सांगतलं, मंग घरात."

अम्मींना मराठी चांगली समजायची. त्यांनी शेजारची चादर सारखी केली आणि सुमनला आपल्याजवळ बसवून घेतलं.